शिरगाव ते नरसिंहपूर : नीरामाईचा मार्ग आणि आपले ऋण

(उत्रोली, ता. भोर येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



स्नान करताना सात नद्यांचे स्मरण करण्याची आपली परंपरा आहे. गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू आणि कावेरी या त्या सात नद्या. सिंधूपासून कावेरीपर्यंतचा सारा देश रोज सकाळी एका तांब्यात उतरवणारे ते स्मरण आहे. परंतु ज्या नदीचे पाणी त्या तांब्यात प्रत्यक्ष असते, तिचे नाव त्यात येत नाही. भोर परिसरात ते पाणी नीरेचे आणि तिच्या उपनद्यांचे आहे. ती कोठून निघते, कोणाला भेटते आणि शेवटी कोठे जाते, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? आज तोच मार्ग आपल्यासमोर मांडावा, असा विचार आहे.

भोरहून महाडकडे जाणाऱ्या वरंधा घाटाच्या माथ्याजवळ शिरगाव आहे. तेथे एका कुंडात नीरेचा उगम मानतात. हे स्थान सह्याद्रीच्या अगदी कड्यालगत आहे. कड्याच्या पश्चिमेला पडलेला पाऊस शिवथरघळीच्या बाजूने सावित्रीच्या खोऱ्यात उतरतो आणि थोडक्या प्रवासात अरबी समुद्र गाठतो. अलीकडे पडलेला थेंब मात्र समुद्राकडे पाठ फिरवतो आणि पूर्वेची वाट धरून साऱ्या दख्खनची यात्रा करतो. एकाच सरीतले हे दोन थेंब. कोणाला कोणती वाट मिळाली, ते एका कड्याने ठरवले.

उगमापासून नीरा ज्या खोऱ्यातून वाहते, ते हिरडस मावळ आणि रोहिडखोरे. बांदल आणि जेधे या देशमुखांचा हा मुलूख. बाजीप्रभू देशपांडे याच हिरडस मावळातले आणि कान्होजी जेधे रोहिडखोऱ्यातल्या कारीचे. दक्षिणेला रायरेश्वराचे पठार आणि रोहिडा किल्ला उभा आहे. मावळ म्हणजे एकेका नदीचे खोरे. स्वराज्याची पहिली बांधणी या खोऱ्याखोऱ्यांतून झाली, हे भूगोल समजल्यावाचून कळत नाही.

पुढे देवघर येथे नीरेवर पहिले मोठे धरण लागते. त्यानंतर पंतसचिवांच्या भोरचा काठ येतो. भोरच्या खाली उत्तरेकडून वेळवंडी मिळते. तिच्यावरील भाटघरचे धरण १९२८ साली पुरे झाले. 'लॉईड धरण' हे त्याचे त्या काळचे नाव. त्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, तेथे 'व्हायटिंग तलाव' बांधलेला होता. पुढे तोरणा-राजगडाच्या कुशीतून, वेल्ह्याकडून गुंजवणी येते. येताना ती सिंहगडाच्या बाजूच्या शिवगंगेला सोबत घेऊन येते. सारोळे आणि शिरवळ यांच्यामध्ये नीरा पुणे-बंगळूर महामार्ग ओलांडते. येथून पुढे बरेच अंतर ती पुणे आणि सातारा या जिल्ह्यांची सीमा आहे. मग म्हस्कोबाच्या वीर गावचे धरण येते.

वीर हे या नदीच्या आयुष्यातले मोठे वळण आहे. वरच्या धरणांतून सोडलेले पाणी येथे एकत्र होते आणि दोन कालव्यांत विभागले जाते. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळानंतर डाव्या कालव्याचे काम झाले आणि १८८५ साली तो वाहू लागला. उजवा कालवा विसाव्या शतकातला. डावा कालवा पुरंदर, बारामती, इंदापूरला आणि उजवा खंडाळा, फलटण, माळशिरसकडे पाणी नेतो. भाटघर, देवघर, वीर आणि गुंजवणी या चार धरणांची एकत्रित क्षमता सुमारे ४८ टीएमसी आहे. त्यातली निम्मी एकट्या भाटघरची. १९३२ साली सासवडच्या माळी बांधवांनी अकलूजजवळ स्वतःचा साखर कारखाना उभारला. वालचंदनगरही याच दशकात वसले. ही सारी समृद्धी नीरेच्या पाण्यावर उभी राहिली. ज्या भागात वर्षाकाठी जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, तेथे मावळचा पाऊस कालव्याने पोहोचला.

आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी वाल्ह्याहून लोणंदकडे जाताना नीरा ओलांडते. तेथे दत्त घाटावर माउलींच्या पादुकांना नीरास्नान घडते. तुकोबारायांच्या पादुकांना हेच स्नान पुढे सराटी येथे घडते आणि मग पालखी अकलूजला जाते. दोन्ही पालख्या एकाच नदीत न्हाऊन पंढरीची वाट धरतात.

बारामती तालुक्यात सोनगावजवळ कऱ्हा नीरेला मिळते. सोमवती अमावास्येला जेजुरीच्या खंडोबाला स्नान घालणारी ती हीच कऱ्हा. त्यानंतर सुमारे २०० किलोमीटरचा प्रवास संपवून नीरा-नरसिंहपूर येथे नीरा भीमेला मिळते. काठावर श्रीलक्ष्मीनृसिंहाचे मंदिर आहे आणि तो अनेक घराण्यांचा कुलस्वामी आहे. येथे नीरेचे नाव संपते, पाणी संपत नाही. तेच पाणी पंढरपुरात चंद्रभागा होते. पुढे रायचूरजवळ भीमा कृष्णेला मिळते आणि आंध्रात हंसलदीवीला कृष्णा बंगालच्या उपसागरात विलीन होते. कृष्णेचा उगम क्षेत्र महाबळेश्वरचा. तो शिरगावपासून फार लांब नाही. मधल्या डोंगरांनी या दोघींना जन्मतःच वेगळे केले आणि शेकडो मैल चालून त्या रायचूरजवळ पुन्हा एकत्र आल्या.

आता ज्यासाठी हा सारा मार्ग सांगितला, ती गोष्ट सांगतो. भाटघरच्या जलाशयात कांबरे गावचे प्राचीन शिवमंदिर वर्षातील बहुतेक काळ पाण्याखाली असते. उन्हाळ्यात पाणी ओसरले की ते वर येते आणि लोक दर्शनाला जातात. त्या मंदिराभोवती कधी काळी घरे होती, भातखाचरे होती. अशी किती गावे या धरणांच्या पोटात गेली! त्यांनी आपली जमीन दिली म्हणून खाली ऊस उभा राहिला. आणि ज्या डोंगरात दोन-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, तेथील वाड्यावस्त्यांवरच्या आयाबहिणी चैत्र-वैशाखात डोक्यावर हंडे घेऊन पाण्यासाठी वणवण करतात. पायथ्याशी भरलेले धरण आणि माथ्यावर कोरडी विहीर, हे दृश्य आपल्या समाजाला शोभणारे नाही. खाली उतरावे तर कारखान्यांचे आणि गावांचे सांडपाणी नदीत मिसळते आणि ज्या पाण्यात पादुकांना स्नान घालायचे, ते हातात घेताना मन कचरते.

नदीला माता म्हणणे सोपे आहे. मातेच्या घरातले एक मूल तहानलेले असताना दुसऱ्याने भरल्या ताटावर बसू नये, हा आपल्या घराघरांतला संस्कार आहे. तो नदीच्या बाबतीत कसा विसरला गेला? हे केवळ शासनाचे काम नाही. डोंगरातले जुने झरे आणि टाकी साफ करणे, उताराचे पाणी अडवणे, उगमाजवळची राई राखणे ही कामे दहा-वीस माणसांचा गट सुटीच्या दिवशीही करू शकतो. बारामती, फलटण, अकलूजच्या कुटुंबांनी वर्षातून एकदा मुलांना घेऊन शिरगावपर्यंत यावे आणि आपल्या नळाचे पाणी कोणाच्या दारावरून येते ते त्यांना दाखवावे. मावळच्या तरुणांनी नरसिंहपूरच्या संगमापर्यंत जावे आणि आपला पाऊस कोणाच्या शेतात पिकतो ते पाहावे. उगम आणि संगम एकमेकांना ओळखू लागले, तर निम्मे काम झाले.

उद्या सकाळी स्नानाच्या वेळी सात नद्यांचे स्मरण जरूर करा. त्यांच्या जोडीला आठवे नाव घ्या, नीरा. आणि ते नाव घेताना वरच्या वाडीतला रिकामा हंडाही आठवा. एवढे सांगून आपली रजा घेतो.