सरांची पाण्याची वही

(सरांच्या निधनानंतर सोसायटीच्या सभागृहात झालेल्या श्रद्धांजली सभेतील भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून कागदावर उतरवून देत आहे.)



आपल्या सोसायटीत शिक्षक पुष्कळ आहेत. पण नुसतं 'सर' म्हटलं की एकच माणूस डोळ्यांसमोर येतो. सकाळी साडेसहाला पांढरा सदरा घालून पाण्याच्या टाकीजवळ उभा असलेला. म्हणून आज मी त्यांचं नाव घेणार नाही. त्यांना स्वतःच्या नावाच्या पाट्या आवडत नव्हत्या, हे आपण सगळे जाणतो. तुमच्यापैकी बहुतेकांना ते शेजारी म्हणून ठाऊक होते. मला ते 1967 पासून, रसायनशास्त्राचे प्राध्यापक म्हणून ठाऊक होते.

तेव्हा गोंदिया जिल्हा नव्हता, आपण भंडारा जिल्ह्यात होतो. मनोहरभाई पटेलांनी 1958 मध्ये गोंदिया एज्युकेशन सोसायटी स्थापन केली नसती, तर माझ्यासारख्या मुलाचं शिक्षण मॅट्रिकलाच थांबलं असतं. नागपूरला खोली घेऊन राहण्याची ऐपत कुणाची होती? माझे वडील गोरेगावला राइस मिलमध्ये मुनीम होते. धोटे बंधू विज्ञान महाविद्यालयात मला प्रवेश मिळाला आणि मी रोज छोट्या लाइनच्या गाडीने ये-जा करू लागलो. तिरोडा, आमगाव, सालेकसा, कुठून कुठून मुलं यायची. कुणी घरी पोवारी बोलायचं, कुणी झाडीबोली, कुणी हिंदी. पुस्तकं सगळी इंग्रजीत. पहिले दोन महिने आम्हाला काही म्हणजे काही कळत नव्हतं.

सरांनी आम्हाला रसायनशास्त्र आमच्या गावातून शिकवलं. एक दिवस ते डब्यात राख घेऊन वर्गात आले. म्हणाले, "ही राइस मिलच्या भुशाची राख. शंभर किलो तूस जाळलं तर वीसेक किलो राख उरते, आणि त्या राखेत बहुतेक सगळी सिलिका. म्हणजे वाळू ज्याची बनते तेच. धानाचं रोप ती मातीतून ओढून घेतं. म्हणून तर तूस हाताला टोचतं." माझं बालपण त्या भुशाच्या ढिगावर गेलं होतं. त्याच्यात शिकण्यासारखं काही असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. पोटॅशियम परमँगनेटची बाटली दाखवून विचारायचे, "यातलं मँगनीज कुठं सापडतं?" कुणी विलायत म्हणायचं, कुणी जर्मनी. सर म्हणायचे, "तुमसरकडं जा. डोंगरी बुजुर्गच्या खाणी बघून या. आपल्याच जिल्ह्यात आहे."

आता एक गोष्ट सांगतो. ती माझ्या फायद्याची नाही, पण आज सांगितली नाही तर सरांचा अपमान होईल.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल होतं. ऑक्झॅलिक ॲसिड कोमट करायचं आणि ब्युरेटमधून जांभळं परमँगनेट थेंबथेंब सोडायचं. फिकट गुलाबी रंग टिकला की थांबायचं. असं तीनदा करायचं आणि तिन्ही आकडे वहीत लिहायचे. मला गाडीची घाई होती. मी एकदाच केलं, घाईत थेंब जास्त पडले, फ्लास्क चांगला गडद गुलाबी झाला. आकडा आला 10.2. मी वहीत खाली-खाली तीनदा लिहिलं, 10.2, 10.2, 10.2, आणि वही सरांपुढे ठेवली.

सरांनी वही पाहिली. मग माझ्या टेबलाशी आले. दोन फ्लास्क उचलून आतून बोट फिरवलं. कोरडे होते. ब्युरेटकडे पाहिलं. ती 10.2 वरच उभी होती. मी म्हणालो, "सर, धुऊन पुसून ठेवले." सर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "काहून रे, वही ओली आणि फ्लास्क कोरडे?"

बाकी मुलं निघून गेली. सर स्टूल ओढून बसले आणि मला तिन्ही वेळा करायला लावलं. आकडे आले 9.8, 9.7, 9.7. सर म्हणाले, "आता बघ. तुझं पहिलंच चुकलेलं होतं. ते तू तीनदा लिहिलंस. तीनदा लिहिल्यानं चूक बरोबर होत नाही, फक्त पाठ होते. आणि खरा आकडा थोडा हलतो. अगदी एकसारखा दिसला की आधी शंका घ्यायची."

माझी गाडी गेलेली होती. सर मला घरी घेऊन गेले. वहिनींनी भात आणि लाखोळीच्या डाळीचं वरण वाढलं. रात्री त्यांच्याच बाहेरच्या खोलीत झोपलो. भिंतीवर दाढीवाल्या कृश माणसाचा फोटो होता. मला वाटलं, सरांचे वडील असतील. सर म्हणाले, "हे आचार्य प्रफुल्लचंद्र राय. कलकत्त्याचे. 1921 मध्ये साठ वर्षं पूर्ण झाली, तेव्हापासूनचा सगळा पगार विद्यापीठाला देऊन टाकला आणि स्वतः सायन्स कॉलेजच्या एका खोलीत राहिले. मेघनाद साहा, सत्येंद्रनाथ बोस हे त्यांचे विद्यार्थी." पुढे मला कळलं, परीक्षेच्या दिवसांत सरांच्या त्या बाहेरच्या खोलीत दरवर्षी दोन-तीन मुलं मुक्कामाला असायची. सर त्यांना गाडी चुकलेली मुलं म्हणायचे. त्यातल्या कुणाची परीक्षा फी कोण भरत होतं, हे विचारायची आमची हिंमत नव्हती.

मला एम.एस्सी. करायचं होतं. वडील आजारी पडले आणि ते राहून गेलं. 1969 च्या जुलैमध्ये चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं, खेड्यापाड्यांत शाखा उघडत होत्या. सरांनीच बँकेच्या भरतीची जाहिरात कापून ठेवली होती, अर्ज भरून घेतला. मला वाटत होतं, सरांना वाईट वाटेल की मुलगा रसायनशास्त्र सोडून खातेवह्या लिहायला चालला. सर म्हणाले, "जिथं जाशील तिथं आकडे लिहायचेच आहेत ना? बघून लिही."

बँकेत छत्तीस वर्षं काढली. एकदा तपासणीसाठी एका शाखेत गेलो. एका कर्जदाराच्या गोदामातल्या धानाची दरमहा नोंद होती. पाच महिने गोण्या तेवढ्याच आणि वजनही किलोला किलो तेवढंच. मला एकदम सर आठवले. अहो, धान वाळतं, वजन उतरतं, उंदीर खातात. आकडा हलायलाच पाहिजे. गोदाम उघडायला लावलं. बाहेरच्या बाजूनं गोण्यांची भिंत होती आणि आत पोकळी. साहेबांनी पाठ थोपटली, पण ती शाबासकी माझी नव्हती. प्रयोगशाळेत त्या संध्याकाळी स्टूल ओढून बसलेल्या माणसाची होती.

इथंच थांबलो असतो तर भाषण छान झालं असतं. पण पुढचं सांगायलाच पाहिजे, कारण ते आपल्या सोसायटीचं आहे.

निवृत्तीनंतर मी गोंदियाला परत आलो. सर आधीपासून इथे राहत होते. दोन वर्षांतच तुम्ही मला सचिव केलं. तेव्हा आपल्या बोअरवेलच्या पाण्याची तक्रार होती. गिझर बिघडायचे, नळाच्या तोंडाशी पांढरा थर बसायचा, डाळ शिजायची नाही. सरांनी स्वतःच्या खर्चाने रसायनं आणली आणि घरच्या ओट्यावर पाणी तपासलं. लाल रंग निळा झाला की थांबायचं, तेच जुनं काम. जडपणा आला लिटरला 652, 640 आणि 646 मिलिग्रॅम. भारतीय मानकाप्रमाणे 200 पर्यंत चांगलं, आणि दुसरी सोय नसेल तर 600 पर्यंत चालतं.

वार्षिक सभा आठ दिवसांवर होती. दोन फ्लॅट विक्रीला होते. खर्च निघाला की सभासद अंगावर येणार हे मला दिसत होतं. मी सरांकडे गेलो आणि म्हणालो, "सर, घरगुती तपासणी आहे, चाळीस-पन्नास इकडेतिकडे. अहवालात 600 लिहू या. मर्यादेत बसतं."

तेव्हा मी साठी ओलांडलेला माणूस होतो. सरांनी चष्मा काढला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "काहून रे, पुन्हा वही ओली?"

मी खाली मान घालून घरी आलो. सौ.ला सांगितलं नाही. सभेत तिन्ही आकडे जसेच्या तसे वाचले. गोंधळ झाला, तो आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. एक गृहस्थ मला बरंच बोलले. पण शेवटी सगळ्यांनी वर्गणी काढली. बोअरचं पाणी बगिचा आणि संडासाकडे वळवलं. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी नगर परिषदेच्या पाण्याची वेगळी टाकी बांधली. आज आपण जे पाणी पितो ते असं आलं आहे. त्यात माझा वाटा आहे असं लोक म्हणतात. खरं काय होतं ते आज तुम्हाला सांगितलं.

त्या दिवसापासून सर दर तीन महिन्यांनी दोन्ही टाक्यांचं पाणी तपासायचे आणि वहीत लिहायचे. ही ती वही. परवा त्यांच्या मुलानं मला दिली. शाळकरी मुलांची शंभर पानी वही आहे. तारीख, टाकी, तीन आकडे, सरासरी. उन्हाळ्यात आकडे चढतात, पावसाळ्यानंतर उतरतात. एकाही पानावर तिन्ही आकडे एकसारखे नाहीत.

शेवटचं पान वाचून दाखवतो. अक्षर वाकडं झालं आहे. तारीख आहे, टाकी आहे, पहिला आकडा आहे, दुसरा आहे. तिसऱ्याच्या जागी सरांनी लिहिलंय, "हात कापतो. थेंब जास्त पडला. वरचे दोन्हीही धरू नयेत. कुणीतरी पुन्हा करावे."

बाकी काही नाही. त्यानंतर पानं कोरी आहेत.

मंडळी, सरांचा फोटो सभागृहात लावायचा ठराव आहे, त्याला माझं अनुमोदन. पण पाणी तपासायचं राहिलंय. ब्युरेट सरांच्या घरी आहे, ती त्यांच्या कुटुंबीयांनी सोसायटीला दिली आहे. रसायनांचा खर्च मी करीन. माझे डोळे आता साथ देत नाहीत, रंग कधी बदलला ते मला नीट दिसत नाही, म्हणून मी करीन असं म्हणत नाही. आपल्याकडे विज्ञान शिकणारी सहा-सात मुलं-मुली आहेत. येत्या रविवारी सकाळी साडेसहाला मी वही घेऊन टाकीजवळ उभा राहतो. ज्यांना यायचं त्यांनी यावं. गाडी चुकली तर जेवण आमच्याकडे.

माझे दोन शब्द संपवतो. सरांना विनम्र श्रद्धांजली.