नोकरीची वाट पाहण्याचा उत्पादन खर्च

(जिल्हा बैठकीत तरुण आणि त्यांच्या आईवडिलांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज कांद्यावर बोलायचे नाही, कापसावर नाही, विजेच्या बिलावरही नाही. गेल्या काही बैठकांत एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. सभा उठली की आमच्याभोवती जी माणसे जमतात, त्यांतली बरीचशी आता भावाचे विचारत नाहीत. हाताला धरून बाजूला नेतात आणि हळूच म्हणतात, "साहेब, पोरगं बीएस्सी ॲग्री झालंय. कुठं चिकटवता येईल का?" कुणाला कुठे चिकटवण्याची ताकद आमच्यात नाही. असती तरी शंभरातल्या एकाला चिकटवून नव्व्याण्णवांचे काय, हा प्रश्न राहिलाच असता. पण कृषी विद्यापीठाने आम्हाला एक गोष्ट शिकवली आहे, उत्पादन खर्च काढायला. गव्हाचा काढतो, उसाचा काढतो. आज नोकरीची वाट पाहण्याचा काढू.

पोरगा तालुक्याला, लातूरला किंवा पुण्याला स्पर्धा परीक्षेच्या तयारीला ठेवला आहे. कॉट बेसिसवर जागा, मेस, अभ्यासिका, क्लास, टेस्ट सिरीज, झेरॉक्स. महिना आठ हजार धरा. पुण्यातली मुले हसताहेत, एवढ्यात भागत नाही म्हणताहेत. तरी आठच धरू. वर्षाचे झाले ९६ हजार. आता हे सोयाबीनमध्ये मोजा. २०२४-२५ च्या हंगामाला केंद्र सरकारने सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये जाहीर केला होता. त्या हंगामात चार हजारांच्या आसपास माल घातला असे कितीजण इथे आहेत? हात वर करा. राहू द्या, मोजायची गरज नाही. चार हजाराने ९६ हजार म्हणजे २४ क्विंटल. एकरी आठ क्विंटल उतारा पडला तर तीन एकरांचा सगळा माल. बियाणे, खत, फवारणी, मळणी काहीही वजा न करता. पाच वर्षे तयारी चालली तर १२० क्विंटल. ही झाली खर्चाची एक बाजू. दुसरी बाजू कुणी धरतच नाही. तो पोरगा या काळात महिना दहा हजारांचे कुठलेही काम करत असता तर पाच वर्षांत सहा लाख मिळवता. ४ लाख ८० हजार गेले आणि सहा लाख आले नाहीत. दहा लाख ८० हजार हा एका पोराच्या पाच वर्षांचा उत्पादन खर्च आहे.

आता उतारा बघू. २०२३ च्या तलाठी भरतीत जाहिरात निघाली ४,६४४ जागांची आणि अर्ज आले दहा लाखांच्या वर. अर्जाची फी कुणी हजार भरली, कुणी नऊशे. गुणाकार तुम्हीच करा आणि त्या भरतीत सर्वांत आधी कुणाचे भले झाले ते ठरवा. २०२४ च्या पोलीस भरतीत जागा सतरा हजारांवर, अर्ज सतरा लाखांवर. शंभराला एक. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची उगवण निदान सत्तर टक्के असावी लागते. शंभरात एक दाणा उगवला तर आपण पंचनामा करायला लावतो, दुकानदाराला कोर्टात खेचतो. इथे मात्र पुढच्या वर्षी तेच बियाणे, त्याच रानात, पुन्हा कर्ज काढून पेरतो.

यातून पोराने अभ्यास केला नाही असा अर्थ कुणी काढू नका. बापांनी तर मुळीच काढू नये. दहा लाख मुलांनी दुप्पट अभ्यास केला असता तरी जागा ४,६४४ च राहिल्या असत्या. अभ्यासाने कोण लागणार हे बदलते, किती लागणार हे बदलत नाही. ते ठरते मुंबईत, तिजोरीच्या हिशेबात. म्हणून निकाल लागला नाही की "तुझ्यातच कमी आहे" हे वाक्य जे आपल्या घराघरांत बोलले जाते ते हिशेबाने खोटे आहे.

मग परीक्षा द्यायचीच नाही का? जरूर द्या. शेतकऱ्याच्या मुलींनी तर हट्टाने द्या. पण किती दिवस, हे आधी ठरवा. २०१६ साली राज्य सरकारने वयोमर्यादा खुल्या वर्गाला ३३ वरून ३८ आणि मागासवर्गीयांना ३८ वरून ४३ केली तेव्हा पेढे वाटले गेले. जागा वाढल्या नव्हत्या, वाट पाहायची मुदत तेवढी वाढली होती. चाळिशीला टेकलेला माणूस "तयारी चालू आहे" म्हणतो तेव्हा आम्हाला त्या पेढ्यांची आठवण होते.

आमचे म्हणणे असे आहे. घरात सगळ्यांनी एकदा बसावे, आई आणि बहीणसुद्धा. पूर्ण ताकदीचे दोन प्रयत्न, फार तर तीन. शेवटच्या प्रयत्नाची तारीख वहीत लिहायची. भरती पुढे ढकलली गेली, कोर्टात अडकली, तर तारीख किती सरकवायची तेही त्याच वेळी लिहायचे, कारण आपल्याकडे असे होणारच. दुसरा प्रयत्न हातात काही काम ठेवून द्यायचा. आणि मुलगा-मुलगी दोघांना सारखीच मुदत. मुलीला दीड वर्ष दिले की स्थळे बघायला लागायचे आणि मुलाला आठ वर्षे पोसायचे, हा हिशेब आम्हाला कळत नाही. बहुतेक घरांत अभ्यासाला तीच जास्त चिवट असते.

तारीख संपल्यावर काय, हा खरा प्रश्न. धंदा काढा, उद्योजक व्हा असे सांगणारे व्याख्याते गावोगाव फिरतात आणि मानधन घेऊन जातात. आम्ही तसे सांगणार नाही. हाताशी भांडवल नाही, अनुभव नाही, अशा पोराने अनुदानाकडे बघून कर्ज काढले तर अनुदान बँकेत राहते आणि कर्ज घरी येते. आधी कुणाच्या तरी हाताखाली काम करा, पगार घ्या, काम शिका.

कोणते काम? एक दिवस वही घेऊन आपल्या गावापासून तालुक्यापर्यंत फिरा. कोणत्या कामासाठी आपला पैसा बाहेरचा माणूस घेऊन जातो ते लिहा. सोयाबीन-गहू कापायला हार्वेस्टर पंजाबातून येतो, चालवणाराही तिकडचाच. सौर पंप शेतोशेत बसले. बिघडला तर मेकॅनिक कुठून येतो आणि किती दिवसांनी, ते ज्याच्या रानात पंप आहे त्याला विचारा. मोटर रिवाइंडिंग, ठिबकची देखभाल, गाईम्हशींचे कृत्रिम रेतन, फवारणी, द्राक्ष-डाळिंबाची छाटणी, व्यापाऱ्याकडचे जीएसटीचे हिशेब, शेतकरी कंपनीचे दप्तर. तुमच्या वहीत आमच्यापेक्षा जास्त कामे निघतील. त्यातल्या एकाच्या हाताखाली एक हंगाम राहा. पदवीधर असून छाटणीच्या टोळीत कसे जाऊ, असे वाटत असेल तर एवढेच सांगतो की छाटणीत कोणता डोळा ठेवायचा हे आम्हाला पदवीने शिकवले नाही, एका टोळीच्या मुकादमाने शिकवले.

आयटीआय केलेल्यांनी शिकाऊ उमेदवारी चुकवू नये. १९६१ चा कायदा आहे. एसटी, महावितरण, साखर कारखाने, एमआयडीसीतल्या कंपन्या उमेदवार घेतात. विद्यावेतन थोडे असते, पण पुढची नोकरी मागताना अनुभवाचा कागद त्यातूनच मिळतो. शेतीच्या पदवीधरांसाठी २००२ पासून ॲग्री क्लिनिकची योजना आहे. तिची चौकशी नाबार्डच्या जिल्हा अधिकाऱ्याकडे करा, चहाच्या टपरीवर नको. २०२४ साली राज्य सरकारने युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावीला सहा, आयटीआय-पदविकेला आठ, पदवीधराला दहा हजार विद्यावेतन, मुदत सहा महिने, २०२५ मध्ये ती आणखी पाच महिने वाढवली. मुदत संपल्यावर मुले मोर्चे काढत होती, कायम करा म्हणून. राग खरा होता, पण कागदावर पहिल्या दिवसापासून प्रशिक्षण लिहिले होते, नोकरी नव्हे. अशा कुठल्याही योजनेत जाताना शेवटच्या दिवशी काय मिळणार हे आधी वाचा, आणि केलेल्या कामाचे प्रमाणपत्र सहीशिक्क्यासह हातात घेतल्याशिवाय तिथून निघू नका.

एमआयडीसीत कंत्राटदारामार्फत लागलात तर नेमणुकीचा कागद मागा, पगार बँकेत मागा, भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक मागा आणि खात्यात पैसे पडतात का ते दर महिन्याला स्वतः मोबाइलवर बघा. पगारातून कापतात आणि भरत नाहीत, असे ठेकेदार कमी नाहीत. मूळ प्रमाणपत्रे कुणाच्याही ताब्यात देऊ नका. बघायला द्या, झेरॉक्स द्या, मूळ कागद घरी.

कृषी पदवीधरांना एक वेगळे सांगायचे आहे. खते-औषधांच्या दुकानाच्या परवान्याला ठराविक शिक्षण लागते. म्हणून काही दुकानदार वर्षाला चार पैसे देऊन पोराची पदवी वापरतात. पोराला वाटते, घरबसल्या मिळाले. बोगस बियाणे निघाले, औषधाचा नमुना नापास झाला की कागदावरचे नाव त्याचे असते, गल्ला दुकानदाराचा. दुकानात उभे राहून विकणार असाल तरच परवान्यावर नाव द्या.

आता सगळ्यात नाजूक विषय. या सभेत असे बाप बसले आहेत ज्यांनी पोराच्या नोकरीसाठी रान विकले आहे किंवा विकायला काढले आहे. संस्थेत शिक्षकाची जागा, अमक्या खात्यात शिपायाची जागा, मधला माणूस ओळखीचा, बहुतेक वेळा पाहुण्यातलाच. पैसे रोख, पावती नाही. "अनुदान येणार आहे" या एका वाक्यावर माणसे वर्षानुवर्षे बिनपगारी फळ्यासमोर उभी आहेत. जागा मिळाली नाही तर पैसे मागायला तोंड नाही, कारण २०१८ च्या दुरुस्तीनंतर सरकारी नोकराला लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळवावे लागते. लाचलुचपत विभागाचा क्रमांक १०६४ आहे. पैसे देण्याआधी तो फिरवा. दिल्यानंतर आमच्याकडे येता तेव्हा आमच्या हातात फारसे काही उरलेले नसते. रान पोराची नोकरी गेली तरी राहते, म्हणून ते या सौद्यात घालायचे नाही. एकदाच सांगतो, पण ठासून सांगतो.

व्हॉट्सॲपवर येणारी नेमणूकपत्रे, रेल्वे-विमानतळाच्या नोकऱ्या, "परत मिळणारी" अनामत, गणवेशाचे पैसे, वैद्यकीय तपासणीचे पैसे, ही सगळी एकाच कारखान्यातली माणसे आहेत. सरकारी भरतीत परीक्षा फीशिवाय कुठे पैसे भरावे लागत नाहीत, आणि ती फी जाहिरातीत छापलेली असते. परदेशी पाठवणारा एजंट असेल तर केंद्र सरकारच्या नोंदणीचा क्रमांक मागा आणि ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा. पर्यटन व्हिसावर नोकरीला पाठवतो म्हणणाऱ्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नका.

घरातले थोडे बोलतो. परत आलेला पोरगा सकाळी धारा काढतो, पाणी धरतो, माल बाजारात नेतो, आणि गाव म्हणते रिकामा आहे. आपण दिल्लीला जाऊन भांडतो की उत्पादन खर्चात घरच्या माणसांची मजुरी धरा. आणि स्वतःच्या घरात? पोराला मोबाइलच्या रिचार्जला बापापुढे हात पसरावा लागतो. दिवसाची मजुरी ठरवा, महिन्याला त्याच्या खात्यावर टाका. भले गावच्या दरापेक्षा कमी असो. घरी राबणाऱ्या मुलीलाही, सुनेलाही. खर्चाच्या वहीत ती मजुरी लिहा, म्हणजे सरकारपुढे मांडायला आपल्याच हातचा पुरावा होईल.

लग्नाचे दुखणे तर तुम्हाला माहीतच आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात तरुण मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर गेले. वर्तमानपत्रांनी गंमत म्हणून फोटो छापले. मुलीच्या बापाला नोकरीवाला जावई हवा, कारण शेतीत पोट भरत नाही हे तो स्वतः शेतकरी म्हणून जाणतो. त्या बापाला दोष देण्यात अर्थ नाही. पण निव्वळ बायोडाट्यात "स्पर्धा परीक्षेची तयारी" लिहिता यावे म्हणून पोराला अभ्यासिकेत बसवून ठेवले असेल, तर त्याला घरी आणा.

आणि ज्याचा निकाल लागला नाही, जो बोलेनासा झाला आहे, जेवत नाही, रात्र रात्र जागा असतो, त्याला एकटे सोडू नका. त्या दिवसांत हिशेब काढायचा नाही, खर्च किती झाला हे तर अजिबात काढायचे नाही. सरकारचा टेलिमानस क्रमांक १४४१६ आहे. चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते. तरुणांनो, तुमच्या खोलीतल्या मित्रासाठीही हा क्रमांक लिहून घ्या. बैठकीचा फळा दारात आहे, त्यावर दोन्ही क्रमांक लिहिलेले आहेत.

जेवणानंतर आम्ही मांडवाच्या डाव्या अंगाला सतरंजीवर बसणार आहोत. ज्यांना वहीत तारीख आणि खर्च मांडून हवा आहे त्यांनी बापलेक मिळून यावे, एकट्याने येऊ नये. ज्यांच्याकडे नेमणुकीची पत्रे आली आहेत त्यांनी ती घेऊन यावे, जाहिरात खरी की खोटी ते पाहता येईल. आणि कुणी उद्या-परवा पैसे भरणार असेल, तर त्याने जेवणाची वाट पाहू नये. आत्ताच भेटावे.