खेड्यांतील सोयी

विदर्भांतील वाशीम जिल्ह्यांत, रिसोड तालुक्यांत, केनवड नांवाचें एक गांव आहे. १ जुलै १९९८ रोजीं वाशीम जिल्हा निराळा झाला. त्यापूर्वीं हा मुलूख अकोला जिल्ह्यांत मोडत असे. अशा गांवाचें नांव निघालें कीं शहरांतील मनुष्य प्रथम विचारतो, "तेथें सोयी काय काय आहेत?" मग आपण बोटांवर मोजूं लागतों: शाळा, टपाल, दवाखाना, नळ, रस्ता. खेड्यांतील शाळेंत आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्या मास्तरास ही मोजणी अपुरी वाटते. जिला सोयीची सर्वांत अधिक गरज, तिच्या हातीं ती पोंचते काय, हा खरा प्रश्न आहे.

पूर्वींही गांवोगांवीं विहिरी होत्या. पण त्या सर्वांच्या नव्हत्या. १९२७ सालीं डॉ. आंबेडकरांनीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी घेतलें, तें याच कारणास्तव. आमच्या वऱ्हाडांत डॉ. पंजाबराव देशमुख यांनीं अमरावती जिल्हा कौन्सिलाचे अध्यक्ष असतांना सार्वजनिक विहिरी अस्पृश्य मानलेल्यांस खुल्या केल्या. कुदळीचा एकही घाव न घालतां सोय वाढली!

आज नियम पुष्कळ आहेत. सपाट प्रदेशांत ३०,००० लोकवस्तीस एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ५,००० वस्तीस एक उपकेंद्र असावें, असें प्रमाण आहे. पहिली ते पांचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आंत असावी, असेंही ठरलें आहे. परंतु नियम आणि अनुभव यांमध्यें अंतर पडतें तें कसें, याची एक गोष्ट सांगतों.

मी ज्या गांवीं शिकवीत होतों, तेथें एक हातपंप होता. हे पंप आपल्या सोलापुराकडील जुन्या पंपावरून सुधारून देशभर बसविले गेले. एका उन्हाळ्याच्या तोंडीं हजेरीपट चाळतांना माझ्या ध्यानांत आलें कीं मुलांची हजेरी पूर्वींसारखीच आहे, मुलींच्या नांवापुढें मात्र सारख्या गैरहजेरीच्या खुणा आहेत. एका मुलीच्या घरीं चौकशी केली. तिची आजी म्हणाली, "पोरगी पाण्याले गेली, गुरुजी. पंप बंद हाय न्." पंपाचा चामडी वॉशर झिजला होता. एवढ्याशा वस्तूपायीं तीन आठवडे मुली दूरच्या विहिरीवर खेपा घालीत होत्या! ज्यांच्या घरीं स्वतःची विहीर होती, त्यांस पंप बंद पडल्याची वार्ताही नव्हती.

मी तो हजेरीपट काखोटीस मारून ग्रामसभेंत गेलों. फारसें कांहीं बोललों नाहीं. मुलींचीं नांवें तेवढीं वाचून दाखविलीं. प्रथम हंशा पिकला, मग सभा शांत झाली. चौथ्या दिवशीं पंप चालूं लागला आणि पुढल्या आठवड्यांत वर्ग भरला. त्यांतील एका मुलीनें मात्र शाळा कायमची सोडली होती. तें नांव मी अद्याप विसरलों नाहीं.

१९५८ च्या कायद्यानें ग्रामपंचायतींचा कारभार चालतो. १९९३ पासून ग्रामसभेस राज्यघटनेचा आधार आहे. तेथें जाऊन विचारण्याचा अधिकार गांवांतील प्रत्येक मतदारास आहे. हा अधिकार हीही एक सोयच. पण वापरली नाहीं तर तीही त्या पंपासारखी गंजते.

श्रोते हो, आपणांपैकीं अनेकांचें मूळ गांव केनवडासारखेंच कोठें तरी असेल. सुटींत तेथें गेलांत तर नव्या इमारती अवश्य पाहा. पण हंडा घेऊन निघालेली एखादी मुलगी दिसली, तर ती आज शाळेंत गेली होती काय, एवढें विचारा. गांवांत सोयी किती आहेत, तें तिच्या उत्तरावरून कळेल.