‘पास’ ह्या इंग्रजी शब्दाविषयी
(केंद्राच्या शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



इंग्रजी शब्दांच्या अध्यापनाविषयी मी काही सांगावे, अशी आपली इच्छा आहे. मी एकाच शब्दापुरते बोलणार आहे. तो शब्द ‘पास’.

काही वर्षांपूर्वी मालवणजवळच्या एका शाळेत चौथीच्या वर्गासाठी मी फळ्यावर एक वाक्य लिहिले : ‘द बोट पास्ड द फोर्ट.’ खिडकीतून सिंधुदुर्ग किल्ला दिसत होता. तेव्हा वाक्य सोपे जाईल, असा माझा समज. एका रापणकराच्या मुलाने उठून विचारले, ‘‘गुरुजी, बोट पास झाली, मगे किल्लो नापास झालो?’’ वर्ग हसला. मीही हसलो आणि ‘चूक’ म्हणून त्याला खाली बसविले. पुढे कित्येक दिवस त्या मुलाने हात वर केला नाही. त्याने आपल्याला ठाऊक असलेल्या अर्थाने वाक्य लावून पाहिले होते, आणि तो अर्थ त्याला शाळेनेच शिकविला होता. चूक असलीच तर ती माझी होती.

ह्या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत आहे. तेथे ‘पासुस’ म्हणजे पाऊल. त्यावरून ‘जाणे, ओलांडणे’ ह्या अर्थाचे क्रियापद फ्रेंच भाषेत रूढ झाले व तेथून ते इंग्रजीत आले. पाऊल ध्यानात ठेवले की पुष्कळ गाठी सुटतात. होडी किल्ल्यावरून पुढे जाते, दिवस सरतो, जेवताना मिठाचे भांडे शेजाऱ्याकडे सरकवितात, खेळाडू चेंडू आपल्या गड्याकडे देतो. ह्या सर्व ठिकाणी इंग्रज हाच शब्द योजतो. डोंगर ओलांडण्याची खिंड, तिलाही त्याच्याकडे हेच नाव. माणूस निवर्तल्याचे सौम्यपणे सांगावयाचे झाल्यास ह्यालाच ‘अवे’ जोडावयाचे. परीक्षेतून पार पडणे हा ह्या मोठ्या कुटुंबातील केवळ एक अर्थ होय.

आपल्याकडे मात्र त्या एकानेच घर बळकावले. एस.टी.चा पास व टाइमपास हे त्याचे भाऊबंद ओसरीवर बसले आहेत एवढेच. ‘पगारबिल पास झाले’ ह्या आपल्या अत्यंत आवडत्या वाक्यात ‘पगार’ पोर्तुगीज, ‘बिल’ आणि ‘पास’ इंग्रजी. आपले म्हणावे असे काय ते ‘झाले’. (आणि तेही वेळेवर होईल तर!) ‘जवळपास’, ‘आसपास’ ह्यांतील ‘पास’ मात्र निराळा, तो संस्कृत ‘पार्श्व’ ह्या शब्दापासून आलेला आहे. मुले ह्या दोहोंची गल्लत करतात, म्हणून हे सांगितले.

‘नापास’ हा शब्द तर आपण स्वतःच घडविला. ‘नाराज’, ‘नालायक’ ह्यांतला फारसी ‘ना’ इंग्रजी शब्दाला लावला. हा शब्द इंग्रजाला कळावयाचा नाही. आपल्या मुलांना तो पहिलीत येण्यापूर्वीच कळलेला असतो. २००९ च्या शिक्षण हक्क अधिनियमाने आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात मागे ठेवण्यास मनाई केली. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीपुरती राज्यांना मोकळीक मिळाली आणि २०२३ साली महाराष्ट्राने ह्या दोन इयत्तांसाठी वार्षिक परीक्षेचा नियम केला. मधल्या वर्षांत गुणपत्रकावरून हा शब्द गेला, पण घराघरांतून तो गेला नव्हता. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. ते शिकताना मुलाला भेटणारा ‘पास’ हा असा आधीच भीतीने भारलेला असतो.

म्हणून मी आता शब्दाचा सुटा अर्थ वहीत लिहून देत नाही. एक वही पहिल्या मुलापासून शेवटच्यापर्यंत हातोहात फिरवितो आणि देताना प्रत्येकाकडून इंग्रजी वाक्य म्हणवून घेतो. तेच जुने वाक्य शिकविताना वर्गाला किनाऱ्यावर नेतो. होडी किल्ल्यावरून जाऊ लागली की काय दिसले, एवढेच विचारतो. गेल्या खेपेस एक मुलगी म्हणाली, ‘‘होडी किल्ल्यावरसून फुडे गेली.’’ शाळेत परतल्यावर तिचे वाक्य मी तसेच फळ्यावर लिहिले आणि त्याखाली इंग्रजी वाक्य लिहिले.