गॅलरीतील मिरची आणि कुंडीतील लिंबू

(मुलुंड येथे गृहिणींसमोर केलेल्या भाषणाचा सारांश)



अंधेरी-बोरिवली असो की घाटकोपर-मुलुंड, आपल्याला जागा मिळते ती गॅलरीची. म्हणून खताआधी वजनाचे बोलतो. 200 लिटरचे पिंप अर्धे कापून मातीने भरले आणि पाणी दिले की ते दीडशे किलोच्या पुढे जाते. जुन्या इमारतीच्या बाहेर काढलेल्या गॅलरीत अशी पिंपे मांडू नयेत. ग्रीलवर तर कुंडी ठेवूच नये. खालून माणसे जातात.

वजन कमी करण्यास माती कमी व कुजलेला पालापाचोळा जास्त घ्यावा. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी 2002 मध्ये बाग सुरू केली, ती तेथल्याच ओल्या कचऱ्याच्या खतावर. घरचा कचरा चालतो, मात्र मीठ घातलेली उरलेली भाजी-आमटी त्यात टाकू नये.

मिरचीला 15 किलो तेलाचा रिकामा डबा पुरतो. तळाला भोके पाडून वर खापऱ्या ठेवाव्यात. आपल्याकडे पावसाळ्यात 2,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तेव्हा मुळे कुजतात. म्हणून बी सप्टेंबरअखेर टाकावे आणि पाच-सहा आठवड्यांची रोपे डब्यात लावावीत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची 'कोकण कीर्ती' किंवा 'पुसा ज्वाला' घ्यावी. पाच-सहा तास ऊन हवेच. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो, त्यामुळे उत्तरेच्या गॅलरीत मिरचीचा हट्ट धरू नये. तेथे अळू लावा.

पाने वर वळली तर फुलकिडे, खाली वळली तर कोळी, असे साधारण ओळखावे. 50 ग्रॅम निंबोळीची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, संध्याकाळी फवारावी. शेतातली विषारी औषधे घरात आणू नयेत. ज्या गॅलरीत मुले खेळतात आणि कपडे वाळतात तेथे ती कशाला?

आता लिंबू. माझ्याच घरी एक कलम होते. झाड फोफावले, काटे बोटभर, पण पाच वर्षांत फूल नाही. नीट पाहिले तेव्हा कळले, वरचे कलम केव्हाच वाळून गेले होते आणि आम्ही जंबेरीच्या खुंटाला पाणी घालत होतो! दोष रोपवाटिकेचा नव्हे, आमच्या डोळ्यांचा. जोडाच्या खालून फुटलेला प्रत्येक फुटवा लगेच काढावा. कागदी लिंबाची गुटी घेतली तर हा प्रश्नच उरत नाही, आणि बियाच्या रोपापेक्षा फळ लवकर येते. 'साई सरबती' ही राहुरीची जात चांगली आहे.

पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखे काही दिसले तर ती फुलपाखराची अळी असते, हाताने वेचावी. पावसात पानांवर खरबरीत तपकिरी ठिपके पडतात, तो खैऱ्या रोग. अशा फांद्या कोरड्या दिवशी छाटून, कचऱ्यात बांधून द्याव्यात, खतात घालू नयेत. कात्री स्पिरिटने पुसावी.

राहिली कुंडीखालची ताटली. त्यातले पाणी आठ दिवस साचले की डेंग्यूच्या डासाची पिढी तयार होते. पावसाळ्यात ताटल्या काढूनच ठेवाव्यात, एरवी दर दोन-तीन दिवसांनी ओतून, घासून घ्याव्यात. नुसते ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटलेली असतात.