देवाने निवडलेला राजा : कथा किती, इतिहास किती?

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



आपली मुले टीव्हीवर पौराणिक मालिका बघतात आणि विचारतात, "हे खरंच घडलं होतं का?" "सगळं खोटं आहे" म्हणून विषय संपवणे हे त्याचे उत्तर नव्हे, आणि "असं विचारू नये" हेही नव्हे. खरे-खोटे तपासायचे कसे, हे मुलांना शिकवले पाहिजे. त्यासाठी आम्ही एक उदाहरण परदेशातले घेतो, म्हणजे कुणाचे डोके तापणार नाही.

आजच्या इराकमध्ये सुमारे ४३०० वर्षांपूर्वी सारगॉन नावाचा राजा होऊन गेला. त्याची कथा अशी. आई पुजारीण. तिने त्याला गुपचूप जन्म दिला, लव्हाळ्याच्या टोपलीत ठेवले, टोपली डांबराने बंद केली आणि नदीत सोडून दिली. अक्की नावाच्या पाणक्याने त्याला वर काढले, वाढवले, बागकाम शिकवले. बागेत राबताना इश्तार देवीची त्याच्यावर मर्जी बसली आणि तो राजा झाला. आपल्याला लगेच कर्ण आठवतो, ज्यू आणि ख्रिस्ती लोकांना मोशे. १९०९ साली ऑटो रँक या अभ्यासकाने अशा जन्मकथा एकत्र मांडल्या, त्यात हे तिघेही आहेत.

आता तपासू या. पहिला प्रश्न : असा माणूस होता का? होता. निप्पूरच्या देवळात त्याने लेख कोरून ठेवले होते. पुढच्या काळातल्या लेखनिकांनी मातीच्या पाट्यांवर केलेल्या त्यांच्या नकला सापडल्या आहेत. आपल्यासमोर रोज ५४०० माणसे जेवतात, असे तो त्यात सांगतो. मेलुहाची जहाजे आपल्या धक्क्याला लागतात, असेही सांगतो. मेलुहा म्हणजे आपले सिंधू खोरे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याची मुलगी एन्हेदुआना, तिचे नाव कोरलेली दगडी चकती १९२० च्या दशकात ऊर शहराच्या उत्खननात मिळाली. त्याची राजधानी अक्कड मात्र अजून सापडलेली नाही.

दुसरा प्रश्न : कथा केव्हा लिहिली गेली? टोपलीच्या कथेच्या पाट्या मिळाल्या त्या निनवे शहरात, असुरबनिपाल राजाच्या ग्रंथालयात. हा राजा इ.स.पू. सातव्या शतकातला. म्हणजे सारगॉन आणि या पाट्या यांच्यात सोळाशे वर्षांचे अंतर! त्याहून जुन्या राजावलीत सारगॉनचा बाप माळी होता आणि तो स्वतः किश नगरीच्या राजाचा पेलेवाला होता, एवढेच आहे. तिथे टोपली नाही, नदीही नाही.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : कथेचा फायदा कुणाला? 'सारगॉन' या नावाचा मूळ अर्थ 'खरा राजा', 'हक्काचा राजा'. आता बघा, ज्याच्या घरात राज्य चालत आले, त्याला असे नाव घ्यायची गरज काय? पुढे इ.स.पू. ७२२ मध्ये असुरांच्या गादीवर बसलेल्या एका राजानेही हेच नाव घेतले. ही जन्मकथा त्याच्याच काळात रचली गेली असावी, असे काही अभ्यासकांना वाटते.

आणखी एक गोष्ट. आपल्याला एनलिल देवाने साथ दिली, असे सारगॉन आपल्या लेखांत म्हणतो. त्याने हरवलेला राजा लुगालझागेसी. त्याचाही लेख मिळाला आहे. त्यात तो काय म्हणतो? एनलिल देवानेच मला राज्य दिले! त्याच लुगालझागेसीच्या गळ्यात खोडा अडकवून सारगॉनने त्याला एनलिलच्याच दारात उभे केले. देव तोच, निवडलेले मात्र दोन! देवाने कुणाला निवडले, हे कुदळीला सापडत नाही. पण जिंकणारा आणि हरणारा दोघेही एकच दावा करत होते, हे सापडते.

बंधू-भगिनींनो, यात आपला काय संबंध? एकाला देवाने निवडले म्हटले की बाकीचे न निवडलेले ठरतात. मग पाणी भरणाऱ्याने पाणीच भरायचे, हेही देवाच्या नावावर खपते. कथेतल्या मुलाचा जीव मात्र पाणक्यानेच वाचवला, हे विसरू नका.

हीच फूटपट्टी आपल्यालाही लावली पाहिजे. लुंबिनीचा अशोकस्तंभावरील लेख १८९६ साली उजेडात आला. अभिषेकाला वीस वर्षे झाल्यावर राजा स्वतः येथे आला, शाक्यमुनी बुद्ध येथे जन्मले, म्हणून गावाचा कर कमी केला, असे त्यात आहे. अशोकाच्या काळी लोक हेच जन्मस्थान मानत होते, एवढे त्यावरून पक्के होते. बाळ सात पावले चालले, हे त्यात नाही. चमत्कार नाही म्हणून बुद्धांचे मोठेपण तसूभरही कमी होत नाही.

म्हणून मुलांनी विचारले तर त्यांना गप्प करू नका. माणूस होता का, कथा केव्हाची, फायदा कुणाचा, हे तीन प्रश्न त्यांच्या हाती द्या. उत्तर ती स्वतः शोधतील.

नमो बुद्धाय! जयभीम!