बघणारे किती, घेणारे किती

(बचत गटांच्या ताई आणि कार्यकर्ते यांच्या एकदिवसीय वर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



ओळख करून देताना ताई म्हणाल्या की, भाऊ कॉम्प्युटरमधलं सांगणार आहेत. तसं काही नाही. मी हिशोब लिहिणारा माणूस. बांबूचे आकाशकंदील, टोपल्या आणि वारली चित्रं विकणारं एक छोटं ऑनलाइन दुकान मी काही वर्षं सांभाळलं. तुमचं दुकान आता सुरू होतंय, म्हणून आमचं काय चुकलं ते आधी सांगतो.

एका जून महिन्यात आमच्या दुकानाविषयी वर्तमानपत्रात चार ओळी छापून आल्या. त्या आठवड्यात दुकान उघडून बघणाऱ्यांचा आकडा एकदम वर गेला. मोबाइलवर तो हिरवा बाण बघून मी हुरळलो. पाड्यावर गेलो आणि सांगितलं, मागणी वाढली आहे, माल करा. आवणीचे दिवस होते. तरी चार-पाच जणींनी शेतावरची मजुरी सोडून कंदील आणि टोपल्या केल्या. ऑर्डरी आल्या मोजक्याच. उरलेला माल पावसात घरातच राहिला आणि त्यावर बुरशी चढली. पैसे मागायलाही त्या आल्या नाहीत. मीच गेलो, तेव्हा एक आजी एवढंच म्हणाली, "भाऊ, बघणारे जत्रेलाही येतात. घेणारे किती होते?"

हा प्रश्न मी आधी विचारायला हवा होता. दुकानाच्या आकड्यांचा तक्ता उघडला की पहिल्यांदा भेटी दिसतात, म्हणजे किती जण बघून गेले. आठवडे बाजारात तुम्ही हे रोजच करता. किती जण तुमच्यासमोर थांबले, किती जणांनी भाव विचारला, किती जणांनी पिशवी पुढे केली. ऑनलाइन दुकानात हेच टप्पे लिहून ठेवलेले असतात, एवढाच फरक.

समजा, महिन्यात १००० जण आले. ६० जणांनी वस्तू कार्टमध्ये टाकली. ४० जण पत्ता लिहिण्यापर्यंत पोचले. पैसे भरले १२ जणांनी. शंभरात एक-सव्वा माणूस घेतो, हे ऐकून वाईट वाटून घेऊ नका. ऑनलाइन दुकानात बहुतेक जण नुसते बघूनच जातात. मला खटकतं ते शेवटचं. पत्ता लिहीपर्यंत आलेला माणूस पिशवी पुढे केलेला माणूस असतो. असे २८ जण परत का गेले? वस्तू आवडली होती, किंमतही मान्य होती. मग त्या पानावर नवीन काय दिसलं? कुरियरचा खर्च.

इथं थोडं थांबतो, कारण बांबूच्या मालाचं सगळं दुखणं यात आहे. कुरियरवाला नुसतं वजन बघत नाही, खोका किती जागा अडवतो तेही बघतो. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये मोजून गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५००० ने भागायचं. तीस बाय तीस बाय तीसचा खोका म्हणजे २७,०००. भागिले ५०००, म्हणजे ५.४ किलो. आत कंदील अर्धा किलोचाही नाही, पण भाडं साडेपाच किलोचं! तोच कंदील पट्ट्या सुट्या ठेवून, घरी दोरीने बांधता येईल असा केला आणि खोका पाच सेंटीमीटर उंचीचा झाला, तर हिशोब ०.९ किलोचा होतो. ही युक्ती मला तक्त्याने सांगितली नाही. तक्त्याने एवढंच दाखवलं की माणसं कुठल्या पायरीवरून परत जातात. पट्ट्या सुट्या ठेवता येतील, हे कंदील करणाऱ्या एका वहिनींना सुचलं.

आता आकडे फसवतात कसे ते सांगतो. सर्वांत आधी आपण स्वतः. नवीन फोटो चढवला की आपण गटाच्या व्हॉट्सॲपवर लिंक टाकतो, मग सगळ्या जणी, त्यांची मुलं, मुंबईतले भाचे उघडून बघतात. भेटी वाढतात. त्या आपल्याच असतात! एकदा आमच्या दोन दिवसांच्या "गर्दी"तली बरीचशी माणसं आमच्याच वाडीतली निघाली.

दुसरं, थोड्या आकड्यांवरून घाईने ठरवू नका. गेल्या महिन्यात १२ ऑर्डरी, या महिन्यात ९. लगेच कुणी म्हणतं, फोटो बदला, भाव उतरवा. बारा ऑर्डरींमध्ये तीन-चारचा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो. तीन-चार महिने ओळीने घसरण झाली तर बोलू.

तिसरं, दिवाळी. कंदिलाचा बाजार सगळा तिच्यावर. लक्ष्मीपूजन २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला. २०२५ ची दिवाळी तर ऑक्टोबरच्या २०-२१ तारखेलाच आली. तक्ता इंग्रजी महिन्यांनी मांडतो, त्यामुळे नोव्हेंबर शेजारी नोव्हेंबर ठेवला तर धंदा बुडाला असं दिसेल, आणि घडलेलं काहीच नसेल. दिवाळीआधीचे सहा आठवडे मागच्या दिवाळीआधीच्या सहा आठवड्यांशी ताडून बघा. २०२६ ची दिवाळी ८ नोव्हेंबरला, म्हणजे मोजणी २७ सप्टेंबरपासून.

सरासरीवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका. नऊ जणांनी ३५० रुपयांचा एकेक कंदील घेतला आणि एका ऑफिसने भेट म्हणून द्यायला ३५,००० चा माल उचलला, तर तक्ता सांगेल की सरासरी ऑर्डर ३,८१५ रुपयांची. एवढे पैसे एकानेही दिलेले नाहीत.

आता पैशांचं. ३५० चा कंदील, कुरियर आपल्याकडून, असं धरू. करणारीला १५०, बांबू-कागद-दोरी ४०, खोका २५, कुरियर ८०, पैसे घेण्याचा खर्च ७. झाले ३०२. गटाकडे उरले ४८. त्यात घरपोच रोख पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाने दार उघडलं नाही किंवा "नको" म्हटलं, तर माल परत येतो. जायचे ८०, यायचे ८०, खोका २५, म्हणजे १८५. एक परतावा जवळजवळ चार विक्रींची शिल्लक खातो. तक्त्यात मात्र ती ऑर्डर "ऑर्डर" म्हणून मोजलेली असते. म्हणून तुमच्या वहीत आलेल्या ऑर्डरी लिहू नका, पोचलेल्या लिहा. माल परत कुठल्या पिनकोडवरून येतो तेही लिहा. एकाच भागातून वारंवार येत असेल तर तिथं आधी पैसे घ्या, किंवा पाठवण्याआधी एक फोन करा. फोन केल्याने आमचे परतावे बरेच कमी झाले.

आणि एक रकाना असा आहे, जो कुठल्याच तक्त्यात नसतो. करणारीचे तास. एका बाईचे दिवसाला दोनच कंदील होत असतील, तर तिला मिळाले ३००. महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ ला दिवसाला ३१२ होती. म्हणजे विक्री वाढली, बाण हिरवा झाला, लोकांनी पाच चांदण्या दिल्या, आणि तिला रस्त्याच्या कामापेक्षा कमी पडले. हे आमच्याकडे दोन वर्षं चालू होतं आणि मला पत्ता नव्हता, कारण मी तास लिहीतच नव्हतो. कळल्यावर आम्ही भाव वाढवला. ऑर्डरी थोड्या घटल्या. तक्त्याच्या भाषेत दुकान मागे गेलं. मी तो निर्णय पुन्हा घेईन. घरी बसून, पोराबाळांकडे बघत केलेलं काम म्हणून कमी चालतं, असं काही जण म्हणतात. ते तिनं म्हणावं, आपण नाही.

हे आकडे कुणी बघायचे? आमच्याकडे मी एकटा बघायचो, चूक तिथंच होती. आता त्या गटात दर महिन्याला बाजाराच्या आदल्या दिवशी बैठक होते. एक मुलगी फळ्यावर पाचच आकडे लिहिते. आले किती, पत्त्यापर्यंत गेले किती, पोचलं किती, परत किती, आणि तासाला किती पडले. मग ज्यांनी माल केला त्या बोलतात. पहिल्या बैठकीत सगळ्या गप्प होत्या. तिसऱ्या बैठकीत भांडण झालं, मोठी टोपली बंद करायची की नाही यावर. मला फार बरं वाटलं.

दुपारच्या सत्रात तुमच्याच मालाचे खोके मोजायचे आहेत. ज्यांनी टोपल्या आणल्या आहेत त्यांनी त्या पुढे आणून ठेवा. मोजपट्टी माझ्याकडे आहे.